सुटकेची नोंद

रिमांड रिपोर्ट हातात आला की मी तो शेवटून वाचते. वरच्या भागात गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, फिर्यादीचं नाव, घटनेची हकीकत असते. ते सगळं नंतर सावकाश बघता येतं. पोलीस कोठडी का हवी याची कारणं मात्र शेवटी असतात, आणि अर्ध्या तासात मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहायचं असेल तर तीच आधी कळावी लागतात. गुन्ह्यातला मुद्देमाल हस्तगत करायचा आहे. आणखी साथीदार आहेत काय, याचा तपास करायचा आहे. आरोपी सराईत गुन्हेगार असून जामिनावर सुटल्यास फरार होण्याची दाट शक्यता आहे. पहिली दोन कारणं त्या त्या तपासाप्रमाणे बदलतात. तिसरं कारण, आरोपी पारधी असेल तर, बहुतेक वेळा तिथे असतंच.

मी नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या दक्षिण भागात, तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. विधी सेवा समितीच्या पॅनेलवर असल्यामुळे ज्यांना वकील लावणं परवडत नाही त्यांची कामं माझ्याकडे येतात, आणि त्यांत फासेपारधी समाजाची माणसं बरीच असतात. वकिलीकडे वळण्याआधी मी समाजशास्त्रात एम.ए. केलं होतं. तिथे विचलनाच्या प्रकरणात शिक्के मारण्याचा सिद्धांत शिकवला होता. परीक्षेपुरता तो मला पाठ होता. तो नेमका कुठे आणि कसा घडतो हे मात्र मला ठाण्याच्या आणि कोर्टाच्या कागदांत दिसलं.

'सराईत' या शब्दाच्या समर्थनार्थ रिपोर्टला एक तक्ता जोडतात. त्याला ठाण्यात 'क्राइम चार्ट' म्हणतात. रकाने ठरलेले असतात: अनुक्रमांक, पोलीस ठाणे, गु.र.नं., कलम, सद्यस्थिती. पन्नाशीच्या एका पक्षकाराच्या बाबतीत हा तक्ता पानभर होता. जामिनाच्या युक्तिवादासाठी मी त्यातला एकेक नंबर घेऊन कोर्टाच्या नोंदींशी ताडून पाहिला. दोन तालुक्यांच्या कोर्टांत खेपा घालाव्या लागल्या, जुनी रजिस्टरं काढायला लावावी लागली. एकाही प्रकरणात शिक्षा नव्हती. काहींत निर्दोष सुटका झाली होती. एकात दोषारोपपत्रच दाखल झालं नव्हतं. एकात तर त्याला संशयावरून ताब्यात घेऊन दुसऱ्या दिवशी सोडून दिलं होतं. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: न्यायप्रविष्ट. ज्या खटल्याचा निकाल लागून कितीतरी वर्षं झाली होती, तोही न्यायप्रविष्टच.

मला जे सांगायचं आहे ते या रकान्यात आहे. अटकेची नोंद ठाण्याच्या रजिस्टरात होते, वर्तमानपत्रात छापून येते, संगणकावर चढते आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाते. सुटकेची नोंद कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये राहते. ती आपणहून कुठेच जात नाही. शिक्का म्हणजे लोकांच्या मनातला पूर्वग्रह असं आपण समजतो. तो पूर्वग्रह आहेच. पण पूर्वग्रह विरतो, माणसं बदलतात, नवा फौजदार येतो, गावात नवी पिढी येते. कागद मात्र तसाच राहतो, आणि नव्या फौजदाराच्या हातात पहिल्या दिवशी तोच पडतो.

शिकागोच्या हॉवर्ड बेकरने १९६३ साली 'आउटसायडर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. तरुणपणी तो क्लबांत पियानो वाजवत असे. ज्या वादकांमध्ये आणि गांजा ओढणाऱ्यांमध्ये तो वावरला त्यांच्याविषयीच त्याने पुढे अभ्यास केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एखादं कृत्य मुळातच विचलित नसतं. समाजातले काही गट नियम करतात, ते ठरावीक माणसांना लावतात आणि मग त्या माणसांना बाहेरची ठरवतात. त्याच्याआधी, १९३८ साली, फ्रँक टॅननबॉमने वस्तीतल्या पोरांच्या खोड्यांबद्दल लिहिलं होतं. आधी कृत्य वाईट ठरतं, मग पोरगाच वाईट ठरतो, आणि एकदा तसा ठरला की त्याच्याभोवतीचे सगळे त्याला त्याच नजरेने बघत राहतात. १९५१ मध्ये एडविन लेमर्टने यात एक महत्त्वाचा भेद केला. पहिलं विचलन कोणाकडूनही, कुठल्याही कारणाने घडतं. समाजाच्या प्रतिक्रियेला तोंड देता देता माणूस आपलं आयुष्यच त्या शिक्क्याभोवती रचायला लागतो, तेव्हा दुसरं विचलन सुरू होतं.

हे सगळे अमेरिकेतल्या एकेका माणसाबद्दल बोलत होते. आपल्याकडे हे काम सरकारने कायदा करून, पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींवर केलं. १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आधी उत्तर हिंदुस्थानात आला, १९११ मध्ये तो सबंध ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करण्याची सोय झाली आणि १९२४ मध्ये पुन्हा नव्याने बांधला गेला. एखादी जमात अधिसूचित झाली की तिच्यातल्या माणसांची नोंद व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे. हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. वकील म्हणून मला त्यातली एक तरतूद सर्वांत भयंकर वाटते. जमातीला गुन्हेगार ठरवणारी अधिसूचना बरोबर की चूक, हे कोणत्याही न्यायालयाला विचारता येत नव्हतं. आरोपच कोर्टात येत नसेल तर निर्दोष सुटायचं कुठून? मूल जन्माला यायचं तेच त्या नोंदीच्या सावलीत.

सोलापूरला तारेच्या कुंपणातली मोठी सेटलमेंट होती. तिथल्या माणसांना गिरण्यांमध्ये कामाला पाठवत. तारा गेल्या, पण 'सेटलमेंट' हे नाव शहरातल्या वस्तीच्या पत्त्यात आजही आहे. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तेव्हापासून या जमातींना विमुक्त म्हणतात, आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पुढे राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. मुंबई राज्याचा १९५९ चा आहे. हे कायदे जातीला लागू होत नाहीत. वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीला लागू होतात. शिक्षा झालेल्या, हे इथे महत्त्वाचं. रिमांड रिपोर्टमधल्या 'सराईत'ला शिक्षेची गरज लागत नाही.

आता वस्तीवर काय होतं ते सांगते. आमच्या भागात पारधी कुटुंबं बहुधा गायरानावर राहतात. शिकारीवर जगणारा हा समाज. फासे लावून तितर, लाव्हे धरणं हे त्यांचं कसब. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं, आणि बदल्यात जमीन किंवा धंदा काही मिळाला नाही. ऊसतोड, खुरपणी, वीटभट्टी, कुठे थोडी गायरानाची अतिक्रमणातली शेती, असं चाललेलं असतं. परिसरात घरफोडी झाली, विहिरीवरची मोटर गेली, की रात्री दोन-तीनच्या सुमारास गाडी वस्तीकडे वळते. गाडीचा उजेड दिसला की पुरुष उसात शिरतात. ज्याने काही केलेलं नाही तोही शिरतो. सापडला तर आधी मार खायचा, नंतर चौकशी, हे त्याने बापाच्या बाबतीत पाहिलेलं असतं. मग जबाबात येतं: पोलिसांना पाहून पळून जाऊ लागला. पुरावा कायद्यात आरोपीचं वर्तन संबद्ध मानतात, त्यामुळे हे पळणंही त्याच्याविरुद्ध मांडलं जातं. ठाण्याच्या संशयितांच्या यादीत नाव आहे म्हणून तो पळतो, आणि पळाला म्हणून यादीत पुन्हा नाव लागतं.

अशाच एका रात्रीनंतर एक आजी सकाळी कोर्टाच्या आवारात आल्या. नातवाला नेलं होतं. कुठल्या ठाण्याने नेलं हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण गाडी दुसऱ्या जिल्ह्याची होती. मी अर्जासाठी मुलाचं पूर्ण नाव विचारलं तर म्हणाल्या, "ताई, आमचं नाव तुमी कशाला लिवता? त्यांच्याकडं हाय की लिवलेलं. त्याच्या आज्याचंबी हाय, बापाचंबी हाय." मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याच्या नावावर तोवर एकही गुन्हा नव्हता. पोलिसांनी तपासाची सुरुवात त्याच्यापासून केली ती बापाच्या नोंदीवरून, आणि बापाची नोंद आजोबांच्या नोंदीवरून झालेली होती. शाळेचा बोनाफाइड दाखला दाखवून, वय सिद्ध करून त्याला बाल न्याय मंडळापुढे नेईपर्यंत आठवडा गेला. गुन्ह्यात पुढे काहीच निष्पन्न झालं नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या स्वतःच्या नावापुढेही एक नंबर आहे.

दरोड्याच्या तयारीतली टोळी जेरबंद, ही बातमी तुम्ही वाचली असेल. अशा प्रकरणांतले पंचनामे मी इतके वाचले आहेत की जप्त मालाची यादी न बघता सांगता येईल: मिरची पूड, नायलॉनची दोरी, कटावणी, कोयता, दोन दुचाक्या. जुन्या दंड संहितेची ३९९ आणि ४०२ ही कलमं. दरोडा झालेला नसतो, म्हणून फिर्यादी पोलीस असतात. पंच पुष्कळदा ठाण्याच्या ओळखीचे असतात. उलटतपासणीत मी पंचाला विचारते की मिरची पूड कशात होती, पुडी कोणाच्या खिशात होती, वजन केलं का, सील कुठे लावलं. बऱ्याचदा उत्तरं येत नाहीत, आणि खटला पडतो. सगळेच पडतात असं नाही. काही प्रकरणं खरी असतात, हेही मला माहीत आहे. पण पडलेल्या खटल्यातही माणूस महिनोन्‌महिने आत काढून आलेला असतो, कारण जामीन मिळूनही जामीनदार मिळालेला नसतो. सातबारा असलेला जामीनदार पारध्यासाठी कोण उभा करणार? सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच मोतीराम प्रकरणात एका गरीब गवंड्याची बाजू घेऊन सांगितलं होतं की दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार या कारणावरून नाकारता येणार नाही. तो निवाडा मी अजूनही दर काही महिन्यांनी कोर्टापुढे ठेवते.

खटल्यात आरोपीचं पूर्वीचं वाईट चारित्र्य सामान्यतः पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं ५४ वं कलम तेच सांगत होतं आणि नव्या कायद्यानेही ते तत्त्व ठेवलं आहे. म्हणजे निकालाच्या दिवशी शिक्का बाजूला ठेवावा लागतो. पण अटक, रिमांड, जामीन, हद्दपारीची नोटीस, चॅप्टर केस या निकालाआधीच्या सगळ्या पायऱ्यांवर तो चालतो. गरीब माणसाची बहुतेक शिक्षा याच पायऱ्यांवर भोगून होते.

याच शिक्क्याची दुसरी बाजू शेतात दिसते, आणि ती बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. आमच्याकडे डाळिंबाच्या, द्राक्षाच्या बागा आणि ऊस राखायला पारधी कुटुंब ठेवायची पद्धत आहे. बांधावर झोपडी घालून देतात, वर्षाची बोली ठरते. का, तर पारधी राखणीला आहे असं कळल्यावर चोर फिरकत नाहीत. ब्रिटिश काळात पुण्याकडे रामोश्यांना रखवालदार ठेवायचे, त्यामागेही हाच हिशेब होता. म्हणजे ज्या नावाची भीती, तिच्याच जोरावर बाग सांभाळली जाते, आणि मजुरी त्या भीतीची असते. मग एखाद्या हंगामात शेजारच्या शेतातून केबल जाते. तेव्हा पहिलं नाव राखणदाराचं निघतं. मालकाला स्वतःला माहीत असतं की त्याने नेली नाही, कारण माणूस रात्रभर त्याच्याच बागेत होता. तरी मालक ठाण्यात जाऊन तसं सांगत नाही. गावात त्याला शेजाऱ्याशी राहायचं असतं. एका प्रकरणात मी एका बागायतदारांना साक्षीला यायची फार विनंती केली. घरी चहा दिला, बसवलं, "माणूस सोन्यासारखा आहे, मॅडम" असंही म्हणाले. पण कोर्टात आले नाहीत. मला याचा राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं. त्या घरात बसून जे खरं होतं ते दहा किलोमीटरवरच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढू शकलं नाही.

विल्यम चॅम्ब्लिसने १९७३ मध्ये एका अमेरिकी शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांवर लिहिलं. एक चांगल्या घरच्या आठ जणांचं, दुसरं गरीब घरच्या सहा जणांचं. शाळा बुडवणं, दारू, तोडफोड दोन्हींकडे होतं. गाव मात्र पहिल्यांना गुणी समजत होतं आणि दुसऱ्यांना वाया गेलेलं. पहिल्यांकडे गाड्या होत्या, ते गावाबाहेर जाऊन उद्योग करत, आणि पकडले गेले की नम्रपणे बोलत. आमच्या तालुक्यात याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. गणपतीत हाणामारी करणारी, दुचाकीतून पेट्रोल काढणारी, एसटीच्या काचा फोडणारी बागायतदारांची पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या पालकांना बोलावून समज देतात. त्यात चूक नाही; तेच व्हायला हवं, कारण त्यातली बहुतेक पोरं दोन-तीन वर्षांत ताळ्यावर येतात. त्याच वयाच्या पारधी पोरालाही ती दोन-तीन वर्षं मिळायला हवीत. त्याच्या बाबतीत मात्र समज देण्याच्या जागी नोंद होते.

माझ्या काही पक्षकारांनी खरोखर चोऱ्या केल्या आहेत. काहींनी चोरीपेक्षा गंभीर गुन्हे केले आहेत, आणि त्यांत ज्यांचं नुकसान झालं त्या माणसांसमोर मी कोर्टात उभी राहिले आहे. शिक्क्याचा सिद्धांत पहिली चोरी का होते हे सांगत नाही. हा आक्षेप बेकरवर तेव्हाही घेतला गेला होता आणि तो बरोबर आहे. भूक, कर्ज, दारू, संगत, जात पंचायतीचा दंड भरायची घाई, अशी उत्तरं मला अशिलांकडून मिळाली आहेत. पण दुसऱ्या-तिसऱ्या गुन्ह्यापाशी लेमर्टचं म्हणणं मला पटायला लागतं. एक तरुण मला तुरुंगाच्या भेटीत म्हणाला होता, "न करता आत आलो तेव्हाबी तुमीच वकील होता. आता करून आलोय. फरक काय पडला, सांगा." त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुरुंगातच त्याला साथीदार भेटले होते. बाहेर त्याला कोणी ट्रॅक्टरवर घेत नव्हतं, आणि ज्यांनी घेतलं ते हेच.

तरी माझ्या अनुभवात असे थोडे. बहुतेक माणसं शिक्का स्वीकारत नाहीत, त्याला चुकवत जगतात, आणि त्या चुकवण्यात सगळी ताकद खर्च करतात. गॉफमनने १९६३ च्या 'स्टिग्मा' या पुस्तकात ज्यांचा कलंक उघड आहे आणि ज्यांचा लपलेला आहे असा फरक केला आहे. लपलेला असणाऱ्यांचं सगळं लक्ष कोणाला काय कळलं आहे यावर असतं. पारध्यांची आडनावं काळे, पवार, भोसले, चव्हाण, शिंदे. ती इतरांचीही असतात. म्हणून पुण्याच्या बाजूला कारखान्यात कामाला गेलेला मुलगा सहज मिसळून जातो. मित्र गावाला येतो म्हणाला तर टाळतो. फोनवर आईशी पारधी बोलीत बोलायचं तर लांब जाऊन बोलतो. सुट्टीत घरी येताना एक स्टॉप अलीकडे उतरतो. असा एक मुलगा मी जवळून पाहिला आहे. काम चांगलं होतं म्हणून ठेकेदाराने त्याला सुरक्षा विभागात घ्यायचं ठरवलं, आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. अर्ज केल्यावर कळलं की पाच वर्षांपूर्वीच्या एका गुन्ह्यात त्याचं नाव प्रलंबित दिसतंय. त्या खटल्यात तो आणि त्याचे दोन चुलतभाऊ निर्दोष सुटले होते. खटला मीच लढवला होता.

नोंद काय करू शकते याचं सर्वांत मोठं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. नाशिकजवळ २००३ साली एका कुटुंबावर हल्ला झाला, खून झाले, बलात्कार झाला. भटक्या समाजातल्या सहा मजुरांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. त्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर ठरलं. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने पुनर्विचारात सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले. वाचलेल्या बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती, आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. अशा गरीब भटक्या माणसांना गंभीर गुन्ह्यात खोटं गुंतवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे न्यायालयाने निकालात नमूद केलं. सोळा वर्षं गेली. हा निकाल आला त्या दिवशी मी तो आमच्या बार रूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला होता. आजही कोणी मला विचारलं की रिमांडच्या वेळी एका शब्दावर एवढी का भांडतेस, तर मी हा निकाल त्यांच्या हातात देते.

पोलिसांबद्दलही लिहायला हवं. ठाण्यातल्या हवालदारांशी माझं रोजचं बोलणं आहे. एकांनी मला एकदा मोकळेपणाने सांगितलं की वरून रोज विचारतात, किती उघडकीला आले. यादी आधीच्या साहेबांकडून आलेली असते, नवा साहेब ती चाळतो आणि पहिल्या पानापासून माणसं आणायला सांगतो. यादी कमी करायला कोणी सांगत नाही. कमी केली आणि नंतर त्याच माणसाने काही केलं तर कमी करणाऱ्याची चौकशी होणार. म्हणून नाव चढवायला एक सही लागते, आणि उतरवायला कोणीच सही करत नाही. त्यांच्या जागी राहून पाहिलं तर हे समजतं. पण म्हणूनच हे एखाद्या हवालदाराच्या चांगुलपणावर सोडता येणार नाही.

२०२४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ७ मे रोजी दिल्लीतल्या एका आमदाराच्या हिस्ट्रीशीटच्या, म्हणजे ठाण्यातल्या पूर्वेतिहासाच्या नोंदीच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपणहून सगळ्या राज्यांना सांगितलं की वंचित समाजांतल्या निरपराध माणसांची नावं हिस्ट्रीशीटमध्ये यंत्रवत चढवली जाऊ नयेत, धोरण तपासा. ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांतला जातिभेद घटनाबाह्य ठरला, आणि विमुक्त जमातींना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी आधीच्या मार्गदर्शक सूचना पाळाव्यात असा आदेश झाला. १९९८ मध्ये महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभारला तेव्हा हीच मागणी होती. रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि नंतर इदाते आयोगानेही या समाजांची परिस्थिती सरकारपुढे मांडली. इतक्या उशिरा का होईना, माझ्या हातात आता असा कागद आहे जो ठाण्याच्या कागदासमोर ठेवता येतो.

मी काम करण्याची पद्धत त्यानुसार बदलली आहे. निर्दोष सुटका झाली की पूर्वी पक्षकार पाया पडायचे, घरी जायचे आणि फाइल बंद व्हायची. आता निकालाच्या दिवशीच नकलेसाठी अर्ज करते. प्रमाणित नक्कल मिळाली की तिच्या प्रती पोस्टाने संबंधित ठाण्याला आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवते, सोबत अर्ज: अमुक गु.र.नं. मध्ये अर्जदाराची निर्दोष मुक्तता झाली असून आपल्या अभिलेखात, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत आणि पूर्वेतिहासाच्या तक्त्यात तशी नोंद घेऊन लेखी कळवावे. खाली २०२४ च्या दोन्ही निकालांचा संदर्भ. पोस्टाची पोच पावती फाइलला लावते. काही ठाण्यांनी नोंद घेतल्याचं कळवलं. एका अधिकाऱ्यांनी फोन करून आणखी जुनी प्रकरणं असतील तर तीही पाठवा असं सांगितलं, आणि मी ती सगळी पाठवली. बऱ्याच ठिकाणांहून उत्तर येत नाही.

पन्नाशीतल्या ज्या पक्षकाराचा तक्ता मी ताडून पाहिला होता, ते पोलीस विचारतील तिथे दाखवायला निकालाचं शेवटचं पान लॅमिनेट करून खिशात ठेवतात. गाव सोडताना त्यांच्या आजोबांच्या काळी पास लागायचा, हे त्यांनीच मला सांगितलं. माणसाला स्वतःच्या निर्दोषत्वाचा दाखला अंगावर बाळगावा लागणं मला मान्य नाही. ती नोंद ठेवण्याचं काम ज्यांनी आरोपाची नोंद केली त्यांचं आहे.

चारित्र्य पडताळणीत अडकलेल्या त्या मुलाच्या अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही. ठेकेदाराने जागा महिनाभर राखून ठेवली होती, नंतर दुसऱ्याला दिली. मुलगा पूर्वीच्याच विभागात आहे. छत्रपती संभाजीनगर खंडपीठातल्या एका वकील मैत्रिणीबरोबर आम्ही रिट याचिकेचा मसुदा केला आहे. तो मुलगा आणि त्याचे दोन्ही चुलतभाऊ अर्जदार आहेत. मागणी एवढीच आहे की निर्दोष सुटका झाल्यावर ठरावीक दिवसांत पोलिसांनी आपणहून, अर्जाची वाट न पाहता, तशी नोंद करावी आणि पूर्वेतिहासाच्या तक्त्यात 'न्यायप्रविष्ट'च्या जागी खटल्याचा निकाल लिहावा. मुलाला प्रतिज्ञापत्रावर सही करायला बोलावलं तेव्हा त्याने पहिल्यांदा जातीचा रकाना स्वतःच्या हाताने भरला: फासेपारधी. कारखान्यात कळेल का, असं त्याने विचारलं. कळू शकतं, असं मी सांगितलं. मग त्याने सही केली. पुढच्या आठवड्यात याचिका दाखल होईल.